शब्दचर्चा : सासूची पाठराखीण

प्रश्न, खानापूरहून

येत्या रविवारी आमच्या थोरल्या भावाची स्मरणप्रार्थना आहे. पत्रिकेत वहिनीबद्दल एक ओळ घालायची आहे. तिचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात सगळं कानडी. भावाची माती झाल्यावर माहेरची माणसं तिला न्यायला आली होती. 'आत्तींना टाकून मी येत नाही,' एवढंच ती बोलली. आत्ती म्हणजे सासूबाई. आमची आई अंथरुणाला खिळलेली, तिची आंघोळ, औषधं, भरवणं सगळं वहिनीच बघते. 'सासूशी एकनिष्ठ राहिली' असं मी लिहिलं, पण आमच्या चर्चच्या पाळकांना ते रुचलं नाही. 'बांधिलकी' घातलं तर भाषण वाटतं. मनात बायबलमधल्या रूथची गोष्ट आहे, नवरा गेल्यावरही सासूला न सोडणाऱ्या सुनेची. कुठला शब्द बसेल?

उत्तर, बेळगाव कॅम्पातून

पाळकांचं बरोबर आहे. निष्ठा नेहमी वर बघते. पक्षाशी निष्ठा, मालकाशी निष्ठा, गुरूवर निष्ठा. ज्याच्याशी निष्ठा ठेवायची त्याच्या हातात काहीतरी देण्यासारखं असतं. रूथच्या सासूच्या, नामीच्या हातात काय होतं? दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेम सोडून मवाब या परक्या देशात गेलेली बाई. तिथे नवरा एलीमलेख वारला, मग महलोन आणि खिल्योन ही दोन्ही मुलं गेली. मागे तीन विधवा. गावी परतल्यावर ती बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे जेवण आणतात, त्याला 'कडू घास' म्हणतात. नामीचा तो कडू घास काही दिवसांत संपणारा नव्हता, आणि रूथ त्याच ताटावर बसली.

आपल्या पवित्र शास्त्रात रूथ सासूला 'बिलगून राहिली' असं आहे. मूळ हिब्रू क्रियापद 'दाबाक'. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोशी 'जडून राहील' म्हटलंय, तिथेही हेच क्रियापद. लग्नासाठी वापरलेला शब्द एका विधवेने सासूसाठी केलेल्या गोष्टीला लावला आहे! मला हे फार मोठं वाटतं. पण मराठीत 'बिलगणे' लहान मुलाचं. पत्रिकेत नको.

निपाणीहून

एक गोष्ट कळकळीने सांगते. शब्द कुठलाही घ्या, पण तो वहिनीच्या पायात बेडी होऊ नये. नामीने दोन्ही सुनांना आपापल्या आईच्या घरी जायला सांगितलं होतं, त्यांना पुन्हा घर मिळो अशी प्रार्थनाही केली. दुसरी सून अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि परत गेली. तिला शास्त्रात कुणी एका शब्दाने बोल लावलेला नाही. आमच्या भागात मात्र रूथचं उदाहरण ऐकवून तरण्या विधवांना घरात बसवलेलं मी पाहिलंय. ते रूथच्या पुस्तकाच्या विरुद्ध आहे.

आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला, असं पौल लिहितो. विधवा आईची जबाबदारी तो आधी मुला-नातवंडांवर टाकतो. आई तुमचीही आहे, भाऊ. वहिनीचं कौतुक छापताना तुमच्या वाट्याचं कामही ठरवा.

पुन्हा कॅम्पातून

निपाणीच्या ताईंचं म्हणणं मान्य. वधस्तंभावरून येशूने आईला योहानाच्या हाती दिलं, तेव्हा योहानाने तिला आपल्या घरी नेलं. तिथे पुरुषानेच ते काम उचललं आहे.

आता शब्द. 'पाठराखीण' बसतो का बघा. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा ती बावरू नये म्हणून माहेरची एखादी बाई तिच्यासोबत जाते, ती पाठराखीण. रूथने ही रीत उलटी फिरवली. सून सासूची पाठराखीण होऊन सासूच्याच गावाला निघाली. 'तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव' हे तिने वाटेवर म्हटलंय. आणि ती पोचवून परत आली नाही. जवाच्या सुगीत बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांमागून सरवा वेचला, दुपारी मिळालेल्या हुरड्यातलं पोटभर खाऊन उरलं ते राखून ठेवलं, संध्याकाळी जव झोडून एफाभर भरले आणि सगळं सासूपुढे आणून ठेवलं. खानापूरच्या भातशेतीतल्या माणसाला सरवा म्हणजे काय ते सांगायला नको. दिवसभर वाकायचं आणि पदरात पसा-दोन पसे. एफा हे तेव्हाचं धान्याचं मोठं माप, एफाभर म्हणजे फारच झालं.

फक्त 'पाठराखण केली' असं लिहू नका. वर्तमानपत्रांनी 'आरोपींची पाठराखण' छापून छापून त्या रूपाला डाग लावलाय. 'पाठराखीण' अजून स्वच्छ आहे.

बेळगावातच जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, ते विधवांच्या हालांवर. मराठी ख्रिस्ती लेखणीला हा विषय तेव्हापासूनचा आहे, म्हणून एका ओळीसाठी एवढं लिहिलं.

खानापूरहून

ओळ अशी केली : 'पतीच्या पश्चात सासूची पाठराखीण झालेली सून.' वहिनीला वाचून दाखवली. 'पाठराखीण'चा अर्थ तिने विचारला, मी मोडक्या कानडीत सांगितला. 'सून' काढून 'लेक' घाला, असं आईने खाटेवरून सांगितलं. तसंच छापायला दिलंय. रात्रीची पाळी आता माझ्याकडे आहे, धाकटा दुपारी थांबतो.