परवानगी नाकारणे म्हणजे बंदोबस्त नव्हे

मूळ मत (खानापूर):
कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात आले, की सीमाभाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याचा प्रश्न उभा राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो मैदानावरील मेळाव्याला परवानगी नाकारून नेत्यांना ताब्यात घेण्यात आले. निःशस्त्र आणि शांततापूर्ण सभेचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, परंतु त्यांना सरसकट मनाई करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या हिंमतलाल शहा खटल्यातच स्पष्ट केले आहे. जागा, वेळ आणि ध्वनिक्षेपक यांबाबत अटी जरूर घालाव्यात, पण सभाच होऊ न देणे हे पोलिसांचे काम नव्हे.

प्रतिसाद (शहापूर, बेळगाव):
या मांडणीत बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्यांची बाजू सुटली आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी मेळाव्याच्या ठिकाणी समितीच्या नेत्याच्या तोंडाला काळे फासले गेले. त्याच आठवड्यात बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, बेळगावात कन्नड स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली आणि वाहनांवर दगड पडले. ज्या अधिकाऱ्याला हे सारे ठाऊक आहे, त्याने पुढच्या वर्षी धोका का पत्करावा?

मूळ लेखक:
कारण त्या दिवशी हल्ला मेळाव्यावर झाला होता. हल्ला होईल म्हणून सभाच बंद ठेवली, तर कोणी बोलावे हे ठरवण्याचा अधिकार हल्लेखोराकडे जातो. शिवाय ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, तेव्हा कोणताही महामेळावा भरलेला नव्हता.

प्रतिसाद (निपाणी):
हा प्रश्न केवळ मराठी भाषकांचा नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी सुवर्णसौधाकडे, म्हणजे बेळगावातील विधानभवनाकडे, निघालेल्या पंचमसाली लिंगायत समाजाच्या आरक्षण आंदोलकांवरही लाठीमार झाला, आणि ते बहुतांशी कन्नड भाषक होते. माझा आक्षेप मुख्यतः नकाराच्या वेळेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील मनाई आदेश आदल्या संध्याकाळी निघाला, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे दाद मागायला वेळच उरत नाही. अर्जावरील निर्णय कारणांसह आठवडाभर आधी द्यावा. तो नकार असला, तरी न्यायालयात तपासता येईल.

प्रतिसाद (शहापूर, बेळगाव):
आधी निर्णय देण्याची ही सूचना मला मान्य आहे. तरीही अधिवेशनाच्या दिवसांत बहुतेक बंदोबस्त सुवर्णसौधाभोवती गुंतलेला असताना शहरात दुसरी मोठी सभा नको, हे माझे मत कायम आहे. समितीने मेळावा अधिवेशनानंतर घ्यावा.

मूळ लेखक:
ज्या सरकारला म्हणणे ऐकवायचे, ते बेळगावात असते तेव्हाच मेळावा घेण्याला अर्थ आहे.