मदत हवी आहे: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य, मग ग्रंथीला हाकतंय कोण?

बहिणीला ग्रेव्हज (थायरॉइड ग्रंथी अति काम करते तो आजार) निघालाय. औषधं सुरू आहेत, त्याबद्दल शंका नाही. भुंगा माझ्याच डोक्यात आहे.

रिपोर्टात टीएसएच 0.01 च्याही खाली, टी-4 (थायरॉइडचं हार्मोन) चढलेलं, टीएसएचच्या रिसेप्टरविरोधी (पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाविरोधी) अँटिबॉडी पॉझिटिव्ह. माझी समज अशी: मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं टीएसएच थायरॉइड पेशीवरच्या रिसेप्टरवर बसतं, आत सायक्लिक एएमपी (निरोप पुढे नेणारा रेणू) वाढतं, हार्मोन तयार होतं. ते पुरेसं झालं की पिट्युटरी हात आखडता घेते. अँटिबॉडी मात्र कुणाचंच ऐकत नाही. इथवर पटलं.

पण अँटिबॉडीचा आणि टीएसएचचा तोंडवळाही जुळत नाही, तरी रिसेप्टर चालू होतो? त्यात काही रुग्णांत त्याच जागी बसून रिसेप्टर बंद पाडणाऱ्या अँटिबॉडीही असतात म्हणे. शाळेतलं कुलूप-किल्लीचं उदाहरण इथे लंगडं पडतं. कुणी जाणकार सांगेल का?

प्रतिसाद १
कुलूप-किल्ली सोडूनच द्या. या रिसेप्टरचा मोठा भाग पेशीबाहेर असतो. एरवी तो पेशीपटलाकडे कललेला असतो, चालू होताना उभा राहतो. मुळात तो थोडासा आपला आपणही चालू होत असतो. उभा असताना टीएसएच येऊन बसलं की त्याला परत कलता येत नाही, कारण बसलेला रेणू खालच्या पटलावर आपटेल. पाचर मारल्यासारखंच! चालू करणारी अँटिबॉडी हेच करते, त्यासाठी टीएसएचसारखं दिसायची गरज नाही. बंद पाडणारी बसते जवळपास तिथेच, पण अशा कोनात की रिसेप्टर कललेलाच राहू शकतो, वर टीएसएचची जागाही अडते. 2022 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (रेणू गोठवून त्यांचा आकार पाहण्याच्या तंत्राने) हे चित्र दिसलं.

आणि टीएसएच रक्तात तासाभरात निम्मं होतं, या आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीला निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. 1956 मध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांना गिनीपिगांत हेच खटकलं होतं: रुग्णाच्या सीरमचा (रक्तातल्या द्रवाचा) परिणाम टीएसएचपेक्षा कितीतरी लांबत होता.

धागाकर्ता
पाचर! आता कळलं. म्हणजे कार्बिमाझोल (थायरॉइड आवरायचं औषध) ही पाचर काढत नाही?

प्रतिसाद १
थेट नाही. ते हार्मोन बनणं रोखतं, अँटिबॉडी उपचारादरम्यान बहुतेकांत हळूहळू उतरतात. एक विचारतो, बहीण सिगारेट ओढते का? हाच रिसेप्टर डोळ्यामागच्या पेशींवरही असतो, आणि धूम्रपानाने तिथला त्रास बळावतो.

धागाकर्ता
ओढते. आजच बोलतो तिच्याशी.