मदत हवी आहे: यशवंतरावांवर भाषण, उद्या संध्याकाळपर्यंत

विट्याची_आई: लेकीला भाषणाला विषय आलाय, 'यशवंतराव चव्हाण: एक पुनर्मूल्यांकन'. एका पानावर गाडी अडलीय. आजोबा म्हणतात साहेबांवर बोट ठेवायचं नाही, बाई म्हणतात नुसती आरती नको. पटकन मुद्दे द्या.

कराडकर_७१: कितवीत आहे? किती मिनिटं? कुठलं पान? काहीच सांगितलं नाहीत.

जुना_मास्तर: साहेबांच्या ईबीसीपासून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीपासून सुरू करा. तेव्हा वर्षाला बाराशेच्या आत उत्पन्न असेल तर फी माफ व्हायची. तलाठ्याचा दाखला आणायला माझे वडील पावसात तीन मैल चालत गेले, भिजू नये म्हणून टोपीत घडी घालून आणला. त्या कागदावर मी बी.ए. झालो. पहिला पदवीधर आमच्या भावकीतला.

वाईकर: मास्तर, आदर आहे. पण महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे म्हणणारेही हेच ना? ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा माझे आजोबा पसरणी घाटात संयुक्त महाराष्ट्रासाठी काळा झेंडा घेऊन उभे होते.

जुना_मास्तर: आणि १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, तेव्हा दिल्लीला पटवलं कुणी?

वाईकर: हुतात्म्यांनी रक्त सांडलं म्हणून दिल्लीला ऐकावं लागलं.

रानातला: ताई, मुलीला देवराष्ट्र्याला घेऊन जा. साहेबांचं जन्मगाव, शेजारीच सागरेश्वर अभयारण्य. येताना कराडला प्रीतिसंगमावर समाधी बघून या, सकाळी गर्दी नसते.

कराडकर_७१: उद्या भाषण द्यायचंय त्यांना, सहल नाही काढायची.

मिरजकर: तुम्ही सगळे साठ सालातच अडकलात. १९७४ ला परराष्ट्रमंत्री झाले ते मार्च ७७ पर्यंत, म्हणजे अख्खी आणीबाणी मंत्रिमंडळात. १९४२ ला भूमिगत राहिलेला माणूस! माझे काका आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. काकूंनी शेवया विकून घर चालवलं. पुढे इंदिराजींना सोडलं आणि परतही गेले. याचं मूल्यांकन करा.

विट्याची_आई: नववीत आहे, सात मिनिटं. तेच पान आहे, आणीबाणीचं. आजोबांनी लाल पेनाने आडवी रेघ मारलीय त्यावर. लेक रडून बसलीय. पान ठेवू की काढू, एवढंच सांगा.

वाईकर: ठेवा. आणि पसरणी घाटही घाला.

कराडकर_७१: सात मिनिटांत सगळं मावणार नाही. घाट सोडा. जिल्हा परिषदा, ६२ ला चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणं, हे एकेका वाक्यात उरका.

जुना_मास्तर: पान ठेवा. साहेबांचा फोटो आजही माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे, तरी सांगतो. ते गप्प राहिले हे मला तेव्हाही लागलं, आजही लागतं. ज्याच्यामुळे शिकलो, त्याच्याबद्दल खोटं लिहायला पोरीला सांगू कसं? माझ्या वडिलांचा दाखला आणि मिरजकरांच्या काकूंच्या शेवया, दोन्ही बोलू दे तिला.

मिरजकर: काकूंचं नाव नका घेऊ फक्त. बाकी खुशाल बोलू दे.

विट्याची_आई: मास्तर, तुमचं उत्तर आजोबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, हे मास्तर कुठल्या गावचे?