मदत हवी आहे: बागेतली झुडपं आणि वाळकी फांदी वाचवायची आहे (नाशिक)

गोदाकाठ:
सोमवारी माणसं येणार आहेत. तांबट पक्ष्याचं बीळ असलेली वाळकी फांदी तोडून, कुंपणालगतची झुडपं उपटून लॉन टाकणार म्हणे. हे थांबवायला अर्ज कुठे करायचा? घाई आहे.

रानवाट:
बाग महापालिकेची की सोसायटीची? झाड कोणतं? फांदीखाली लोकांची वाट आहे का?

हिरवाई_नाशिक:
मियावाकी करा, म्हणजे रोपं दाट लावून छोटं जंगल! आमच्या कॉलनीत केलंय, बघता बघता रान झालं.

रानवाट:
अहो, असलेलं वाचवायचंय, नवीन लावायचं नाही. ढोली करण्याजोगं जुनं लाकूड मियावाकीत कुठून येणार? तांबट वाळक्या, मऊ पडलेल्या लाकडातच बीळ कोरतो.

हिरवाई_नाशिक:
सगळ्याला विरोधच करायचा का? पाचशे रोपं लागतात तिथे!

संध्याकाळचा_फेरा:
मी रोज एकटी चालायला जाते. झुडपांमागे कोण बसलंय ते दिसत नाही. त्यात आपल्याकडे वस्तीत बिबट्या येतो. काढू द्या झुडपं, लोकांसाठीच आहे ना बाग?

पक्षीमित्र५५:
पक्षी बघायचे तर हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला जा. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा २०२० साली जाहीर झाला, राज्यात पहिला. पहाटेच निघा.

सिडकोकर:
कबुतरांसाठी गॅलरीला नायलॉनची जाळी लावा. आमचा त्रास गेला.

गोदाकाठ:
कबुतरांचं कुणी विचारलंय? बाग महापालिकेचीच आहे. झाड शिरीष. फांदीखाली वाट नाही, एक बाक आहे.

रानवाट:
मग बाक हलवायला सांगा. फांदी तोडण्यापेक्षा ते सोपं. उद्याच उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, बिळाचा फोटो जोडा, पोच घ्या. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात फांद्या छाटणंही येतं, तेव्हा परवानगी कोणी दिली ते विचारा. झुडपांना त्याचा आधार मिळेलच असं नाही, तिथे बोलूनच मार्ग काढावा लागेल. संध्याकाळी चालणाऱ्या ताईंचं म्हणणं मला पटतं. वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं गुडघ्याएवढी छाटा, मागच्या कुंपणाशी दाट राहू द्या. नुसत्या लॉनवर फुलपाखरं टिकत नाहीत, अळ्यांना पानं लागतात: रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या, कागदी लिंबावर लाइम फुलपाखराच्या.

संध्याकाळचा_फेरा:
वाटेवर दिवे लागले आणि समोरचं दिसलं तर माझी हरकत नाही. अर्जावर सही करते. पण त्या कोपऱ्यात दारूच्या बाटल्या पडतात, त्याचं काय?

गोदाकाठ:
तेही अर्जात घालते. वृक्ष अधिकारी कोणत्या मजल्यावर बसतात?