स्त्रीत्वावरचं प्रदर्शन आणि "घरच्यांना चालतं का?"

धावदोरा:
गेल्या महिन्यात माझं प्रदर्शन झालं. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून त्यांवर बाळंतिणीची खोली, न्हाणीघर, बाजूला बसायचा कोपरा असं सगळं दोऱ्यानं चितारलं होतं. सात दिवस भिंतीपाशी उभी होते. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, "घरच्यांना चालतं का हे?" टाक्यांबद्दल जवळजवळ कुणीच अवाक्षर काढलं नाही. पुढचं बोलावणं आलं तेही ८ मार्चचं, महिला दिनाचंच. 'स्त्रीत्व' अशी पाटी लागली की काम मागे पडतं आणि बाई तेवढी दिसते. ज्यात फक्त स्त्रियाच असतात अशा प्रदर्शनात आता मी भाग घेणार नाही.

पिंपळपान:
पाटी तुम्हीच लावलीत ना? चित्रकार अमृता शेरगिलचं 'तीन मुली' हे चित्र १९३५चं. त्या तिघींच्या खाली गेलेल्या नजरेत सगळं आलं, वर निवेदन लागलं नाही. १९३७ साली त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं. आणि स्पष्ट बोलतो, वाकळ ही हस्तकला. तिला चित्रांच्या दालनात टांगलं की असे प्रश्न येणारच.

जांभूळ:
वाकळीबद्दल अजिबात सहमत नाही. अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागोच्या १९७९च्या 'डिनर पार्टी' या मांडणीत ३९ स्त्रियांसाठी जेवणाची पानं मांडली आहेत आणि प्रत्येकीच्या पानाखालच्या कापडावर भरतकाम आहे. आज ती न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या संग्रहालयात कायमची मांडलेली आहे.
पण धावदोराताई, तुमचा निर्णयही पटत नाही. १९७९मध्ये न्यूयॉर्कला चित्रकार नलिनी मलानींनी स्त्रियांनीच चालवलेली ए. आय. आर. गॅलरी पाहिली. पुढे १९८७ ते ८९ त्या, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग अशा चौघींनी मिळून गावोगाव प्रदर्शन नेलं. एकत्र येणं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. मार्चमधल्या बोलावण्याचा राग या एकत्र येण्यावर का काढायचा?

पिंपळपान:
त्या चौघींची चित्रं आधीच दमदार होती. गट नसता तरी टिकली असती.

धावदोरा:
टिकली असती, पण लोकांनी पाहिली कधी असती? हे तुम्ही सोडून देताय. आणि हस्तकला म्हणालात ते फार लागलं. एक वाकळ शिवायला मला चार महिने लागले.
जांभूळ, तुमचा मुद्दा मनात राहिला. शेवटच्या दिवशी एक आजी आल्या. कापड उलटं करून त्यांनी मागचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, "दोरा दुहेरी घ्यायचा होतास गं, उसवेल." आठवडाभरात कामाबद्दल बोललेल्या त्या एकट्याच. अशा चार जणी एकत्र येणार असतील तर मी येईन. मार्च सोडून कुठलाही महिना चालेल.