चाकूची मूठ लाखेने बसवायची आहे, जाणकारांची मदत हवी

मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे नाताळानंतर चकमकीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. कोकणातली ठासणीची बंदूक पाहिलेल्यांना पद्धत ओळखीची वाटेल: आधी दारू, मग तेलकट कापडात बसवलेली शिशाची गोळी, वरून गज. गोळी नळीच्या तोंडाशी दाबली की उरलेलं कापड तिथेच कापायचं. त्यासाठी छोटा चाकू पट्ट्याला लटकवतात. तसा एक मी जुन्या कानशीपासून केलाय. पाणी दिल्यावर ओव्हनमध्ये गव्हाळ रंग येईपर्यंत तापवला, धार सुरेख लागते.

अडलंय मुठीशी. मूठ हरणाच्या गळून पडलेल्या शिंगाची आहे (भारतात सांबर-चितळाचं शिंग वापरायला बंदी आहे, इथल्या या हरणाचं चालतं). शिंगाचा गाभा सच्छिद्र, त्यात पात्याचं शेपूट (मुठीत जाणारं टोक) डुगडुगतं. इपॉक्सी (कायमचा घट्ट बसणारा रासायनिक गोंद) मला अजिबात नको. आपल्याकडे तलवारीची मूठ लाखेने पक्की करत आणि ती गरम करून पुन्हा सोडवताही येई, मला तेच हवंय.

पण लाख थंडीत ठिसूळ होते, आणि इथे जानेवारीत पारा शून्याखाली असतो. शिकलगारांचं (हत्यारं दुरुस्त करून धार लावणाऱ्यांचं) काम जवळून पाहिलेल्या कुणी सांगेल का: लाखेत विटेची पूड किती घालायची? मेण किंवा राळ घातली तर तडा जाणं टळतं का? आणि शेपूट तापवून आत घालताना शिंग करपू नये म्हणून काय करतात?