सासूबाईंच्या खोलीसाठी टीव्ही, १४ हजारांच्या आत, कुठला घेऊ?

डिचोलीची_सून
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये ५५ इंची आहे आमच्याकडे, पण संध्याकाळी सातनंतर मुलगा त्याच्यावर फुटबॉल नाहीतर गेम लावून बसतो आणि सासूबाईंच्या मालिका राहतात, मग जेवायला दोघंही फुगलेली आणि मध्ये मी. म्हणून त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही घ्यायचं ठरलंय, चवथीच्या (गणपतीच्या) आधी, एकदा पाहुणे यायला लागले की काही सुधरत नाही. खोली १० बाय ११, पलंगापासून समोरची भिंत साधारण ७ फूट. सासूबाई ७८ वर्षांच्या, नजर चांगली आहे पण कान थोडे कमी. डिशचं दुसरं कनेक्शन घेणार आहोत, वायफाय त्या खोलीत रडतखडत पोचतो. घर जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). आमच्या ह्यांचं म्हणणं घेतोच आहोत तर ४३ घे, आणि दुकानदार म्हणतो जीएसटी कमी झाल्यामुळे ३२ इंची पण स्वस्त झालेत, लगेच घेऊन टाका. खरं आहे का हे?

म्हादईकाठ
ताई, दुकानदाराचं अर्धंच खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांचा १८ झाला तो ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींवर. ३२ आणि त्याखालच्यांवर जानेवारी २०१९ पासून १८ च आहे, तेव्हा ३२ वर तो काही कमी करून देत असेल तर ती त्याची ऑफर, सरकारची नाही. घासाघीस करा बिनधास्त.
साइजचं म्हणाल तर ७ फुटांवरून ४३ काही मोठा नाही होत, डोळ्यांना त्रास वगैरे सगळं सांगोवांगी. पण डिशवर साधे एसडी (कमी बारकाव्याचं चित्र देणारे) चॅनल घेणार असाल तर ४३ वर चेहरे असे दिसतात जणू ओल्या कागदावर काढलेत. ३२ वर तेच चित्र आवळून येतं, खपून जातं. आणि ३२ मध्ये एचडी रेडी की फुल एचडी (त्याहून बारीक चित्र) यावर डोकं खाजवू नका, ७ फुटांवरून मालिका बघताना कोणाला फरक कळत नाही. कॉम्प्युटर जोडून अक्षरं वाचायची असतील तर गोष्ट वेगळी.

उंडो_आणि_चहा
मी म्हणेन स्मार्टच्या नादालाच लागू नका. या किमतीत १ जीबी रॅम (ॲप चालवायची मेमरी) मिळते, पहिले सहा महिने बरं चालतं मग नेटफ्लिक्स उघडेपर्यंत चहा होतो. साधा एलईडी घ्या, उद्या लागलंच तर नेटफ्लिक्स वगैरे चालवणारी स्टिक लावा मागे, ती खराब झाली तर स्टिक फेकायची, टीव्ही नाही.

मांद्रेची_माय
उंडो, बोलायला सोपं आहे रे, दुकानात साधा टीव्ही आता शोधावा लागतो, सगळे स्मार्टच ठेवतात. खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या आईला (८१) स्मार्ट टीव्ही आणला तर चालू केला की चाळीस चौकोन दिसायचे, त्यात तिचा चॅनल कुठे ते तिला कधी सापडलंच नाही, दोन रिमोट हातात घेऊन बसायची बिचारी आणि शेवटी मला फोन. मग भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन चालू झाला की थेट सेटटॉप बॉक्सच लागेल असं करून दिलं, एचडीएमआयवर (बॉक्सची वायर टीव्हीला लागते ती जोडणी). आणि बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं चालूबंद आणि आवाजाचं बटण शिकवलं, बऱ्याच रिमोटना शिकवता येतं. टीव्हीचा रिमोट कपाटात. उरलेल्या रिमोटवर मी चालूच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय आणि आवाजाला हिरवा. तेव्हापासून एक फोन नाही. तर ताई, दुकानात आधी हे विचारा, चालू केल्यावर सरळ एचडीएमआय लागतो का, मग रॅम.

रिपेरवाला_फोंडा
वीस वर्षं टीव्ही उघडतोय, चार गोष्टी सांगतो.
आवाज. खोक्यावर २० वॅट लिहिलंय म्हणून भुलू नका, स्पीकर खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीत जातो. दुकानात गाणं नाही, बातम्या लावायला सांगा आणि दहा फुटांवर उभं राहून शब्द कळतात का बघा. मागे हेडफोनचं भोक आहे का तेही बघा, नंतर छोटा स्पीकर जोडता येतो, तो सासूबाईंच्या उशाशी ठेवायचा.
पॅनल. टीव्हीच्या एकदम बाजूला जाऊन बघा. काहींचे रंग बाजूने बघितलं की फिके पडतात, माणसं आजारी दिसतात. पलंग टीव्हीच्या अगदी समोर नसेल तर हे बघाच.
चिऱ्याची भिंत. ड्रिल मारली की चिरा भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं, कंपनीचा माणूस आखूड प्लग ठोकून जातो आणि मे महिन्यात टीव्ही पुढे झुकतो. आधी प्लायवूडची फळी लांब फास्टनरनं भिंतीवर बसवा, टीव्ही तिच्यावर. नाहीतर सरळ टेबलावर ठेवा, ३२ ला काय लागतं. आणि पावसाची झड जिथे लागते ती भिंत नको, आत ओल येते, मागच्या बाजूला कार्डावर (आतल्या सर्किटवर) हिरवं चढतं. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवला तर ऊब राहते. तुमच्याकडे मालिका आहेत म्हणजे तो प्रश्नच नाही म्हणा.
वीज. पावसाच्या आधी आणि ऑक्टोबरात गडगडलं की माझ्याकडे रांग लागते. लोक प्लग काढतात पण डिशची वायर तशीच ठेवतात, गडगडाटात तीही काढायला पाहिजे, झटका तिच्यातूनच आत येतो. वॉरंटीत हे बसत नाही.

उंडो_आणि_चहा
स्टॅबिलायझर लावावा का मग?

रिपेरवाला_फोंडा
आजकालचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या स्टिकरवर वाचा. लाइट कमी जास्त होते त्यासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही, पण सर्ज प्रोटेक्टरवाला (विजेचा अचानक झटका अडवणारा) बोर्ड घ्या चांगला. तो लावला म्हणून वायर काढायची सवय सोडू नका, जवळ वीज पडली तर तोही काही करत नाही.

म्हादईकाठ
वायफायचं राहिलं. स्वस्त टीव्हीत बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचाच वायफाय असतो, लोक नावं ठेवतात, पण चिऱ्याच्या जाड भिंतीतून तोच बरा पोचतो, ५ गिगाहर्ट्झवाला अर्ध्यात मरतो. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

डिचोलीची_सून
सगळ्यांचे आभार. काल म्हापशाला गेलो, ३२ घेतला, बातम्या लावून दहा फुटांवर उभी राहिले तर ह्यांना लाज वाटत होती, दुकानातली मुलं हसत होती, पण पहिल्या दोन टीव्हींचं एक वाक्य धड कळलं नाही, तिसऱ्याचं कळलं. बारा हजारांच्या आत बसला. फळीचं मेस्त (सुतार) बुधवारी करतो म्हणालाय, तोपर्यंत टेबलावर. आता नेलपॉलिश फक्त गुलाबी आहे घरात, चालेल ना मांद्रेताई? देव बरें करूं.

मांद्रेची_माय
चालेल गं. पण दोन हात मार, एका हातात सहा महिन्यांत निघून जातं.